खेळ वस्तीचा, रंगमंच कुणाचा?

गेल्या पावसाळ्यात आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गात एक वाद झाला. वर्गाला येणारा एक तरुण कॉमिक्स काढतो. आठवडाभर नोकरी, रात्री जागून चित्रे, आणि शनिवारी संध्याकाळी शहरातल्या एका इम्प्रोव्ह गटासोबत रंगमंचावर. इम्प्रोव्ह म्हणजे संहिता नसलेले नाटक. प्रेक्षकांतून कुणीतरी एक शब्द देतो आणि नट जागच्या जागी त्यावर प्रसंग उभे करतात, बहुतेक वेळा विनोदी. आमचे एक ज्येष्ठ कार्यकर्ते त्याला म्हणाले, "बाळा, दोन डगरींवर हात ठेवून चालत नाही. आणि या दोन्ही डगरी आपल्या नाहीत." पोरगा गप्प बसला. परत जाताना मात्र म्हणाला, "दादा, पहिलं वाक्य नाही लागलं मला. दुसरं लागलं."

आम्हालाही दुसरेच लागले. कारण ते खरे आहे की खोटे, हे आम्हाला सांगता येईना. इम्प्रोव्ह म्हणजे इंग्रजी बोलणाऱ्या, कॅफेत बसणाऱ्या पोरांचा खेळ, आणि कॉमिक्सचे चाहते म्हणजे महागड्या बाहुल्या काचेच्या कपाटात ठेवणारे, हा आपला समज. समज म्हणून तो चूक नाही, आज ते तसेच दिसते. पण आजचे दिसणे म्हणजे इतिहास नव्हे, हे तर आपण फुले-आंबेडकरांकडूनच शिकलो. म्हणून आम्ही या दोन्ही गोष्टींचा इतिहास शोधायला बसलो, आणि दोन्ही वाटा एकाच शहरात येऊन मिळाल्या. ते शहर शिकागो. आणि एका वाटेची सुरुवात झाली ती आमच्याच धंद्यात, म्हणजे समाजकार्यात.

१८८९ साली जेन अॅडम्स आणि एलन गेट्स स्टार या दोघींनी शिकागोच्या पश्चिम भागात हॉल्स्टेड रस्त्यावर हल हाउस सुरू केले. याला सेटलमेंट हाउस म्हणत. कल्पना अशी की समाजसेवकाने गरिबांच्या वस्तीत येऊन दान देऊन परत जायचे नाही, वस्तीतच राहायचे. आसपास इटालियन, ग्रीक, ज्यू, रशियन, पोलिश असे नुकते बोटीतून उतरलेले कष्टकरी. एका गल्लीत चार-पाच भाषा. मुले कारखान्यात, आया शिलाईकामावर. पाळणाघर, रात्रशाळा, व्यायामशाळा, नाट्यगट हे सगळे त्या घरात होते. या कामात नेव्हा बॉइड नावाची एक बाई होती, आणि तिच्याबद्दल आम्हाला जरा थांबून सांगायचे आहे, कारण समाजकार्याच्या अभ्यासक्रमातही तिचे नाव आमच्या कानावर कधी पडले नव्हते.

बॉइडचा विषय होता खेळ. स्पर्धेचे खेळ नव्हेत, तर एकमेकांकडे पाहिल्याशिवाय, एकमेकांचे ऐकल्याशिवाय जे खेळताच येत नाहीत असे गटाचे खेळ. भाषा वेगळी असलेली दोन मुले भांडायची थांबतात ती उपदेशाने नव्हे, एका खेळात अडकली की थांबतात, हे तिचे निरीक्षण. १९२० च्या दशकात तिने हल हाउसमध्ये खेळ शिकवणाऱ्या कार्यकर्त्यांची शाळा चालवली. पुढे ती नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात समाजशास्त्र शिकवायला गेली. खेळ हा समाजशास्त्राचा विषय आहे, हे आमच्या एमएच्या दोन वर्षांत आम्हाला कुणी सांगितले नाही, असो.

इथे एक आडवळण घेतो, कारण आपल्या वाचकांना ते आवडेल. हल हाउसच्या विश्वस्तांमध्ये एक तत्त्वज्ञ होते, जॉन ड्युई. शिकागो विद्यापीठात असताना त्यांचे तिथे जाणे-येणे होते, आणि आपल्या एका मुलीचे नाव त्यांनी जेन अॅडम्सवरून जेन ठेवले. करून पाहत शिकणे, लोकशाही म्हणजे केवळ राज्यपद्धती नसून एकत्र जगण्याची रीत, हे विचार त्यांनी पुस्तकात मांडले, पण ते हल हाउससारख्या ठिकाणी डोळ्यांनी पाहिलेही होते. हेच ड्युई पुढे न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले आणि तिथे १९१३ नंतर त्यांच्या वर्गात बाबासाहेब बसले. यावरून कुणी इम्प्रोव्ह आणि बाबासाहेबांचा थेट धागा जोडायला जाऊ नये. असा धागा नाही, आणि ओढूनताणून नाती लावण्याची सवय आपण सोडली पाहिजे. पण ज्या विचाराच्या घरात बाबासाहेब शिकले, त्याच घराच्या अंगणात हे खेळ वाढले, एवढे म्हणायला हरकत नाही.

बॉइडकडे १९२४ ते १९२७ या काळात एक तरुणी शिकत होती. व्हायोला स्पोलिन. शिकागोतच जन्मलेली, रशियातून आलेल्या ज्यू कुटुंबातली. पुढे महामंदी आली. बेकारांना काम देण्यासाठी अमेरिकी सरकारने जी योजना काढली, तिच्या मनोरंजन विभागात स्पोलिन १९३९ ते १९४१ या काळात शिकागोत नाट्यकामाची देखरेख करत होती. म्हणजे आपल्याकडच्या रोजगार हमीच्या पैशातून वस्तीत नाटक, असे समजा. तिच्यासमोर मुले होती ती अशी: कुणाला इंग्रजी वाचता येत नाही, कुणाला येते पण लाज वाटते. संहिता पाठ करून घेणे शक्यच नव्हते. मग तिने बॉइडच्या खेळांवरून नाटकाचे खेळ बनवले. नसलेली दोरी दोन्ही बाजूंनी ओढायची. समोरच्याचा आरसा व्हायचे. आपण कुठे आहोत हे न सांगता नुसत्या वागण्यातून दाखवायचे. वाचता न येणारे पोर यात मागे पडत नाही, उलट अनेकदा पुढेच असते.

मित्रांनो, ही गोष्ट नीट लक्षात घ्या. आज जगभर इम्प्रोव्हच्या नावाने जे चालते, ज्याच्या कार्यशाळांना कंपन्या पैसे मोजतात, त्याचे मूळ व्यायाम हे निरक्षर स्थलांतरित मुलांसाठी, सरकारी पैशाने, समाजकार्यकर्त्या बाईने बनवलेले आहेत. संहिता नसणे ही हौस नव्हती. ती त्या मुलांची परिस्थिती होती आणि तिलाच स्पोलिनने पद्धत बनवले.

हे वस्तीतून बाहेर कसे गेले, त्याची कथा छोटी आणि ओळखीची आहे. स्पोलिनचा मुलगा पॉल सिल्स शिकागो विद्यापीठात शिकला. १९५५ मध्ये त्याने आणि डेव्हिड शेफर्डने विद्यापीठाच्या परिसरातल्या एका बारमध्ये कंपास प्लेयर्स हा गट सुरू केला. शेफर्डचे स्वप्न कामगारांच्या रंगभूमीचे होते. रोजच्या जगण्यावरची नाटके, कामगारांनी कामगारांसाठी, असे त्याच्या मनात होते. प्रत्यक्षात बाकांवर येऊन बसले ते विद्यापीठातले विद्यार्थी आणि प्राध्यापक. जसा प्रेक्षक, तसा विनोद. प्रसंग मानसोपचारतज्ज्ञांचे, प्रेमिकांचे, सुशिक्षित आईबापांचे होऊ लागले. माइक निकल्स आणि इलेन मे ही जोडी याच गटातून गाजली. विनोद उत्तम होता, त्याबद्दल वाद नाही. पण चार वर्षांनी, १६ डिसेंबर १९५९ रोजी, सिल्स, बर्नी सॅलिन्स आणि हॉवर्ड आल्क यांनी वेल्स रस्त्यावर सेकंड सिटी उघडले, तेव्हा तो कष्टकऱ्यांचा रंगमंच राहिला नव्हता. जागाही बोलकी होती. तिथे आधी एका चिनी माणसाची लॉन्ड्री होती. कष्टकऱ्याचे दुकान हटले आणि तिथे नाट्यगृह आले.

स्पोलिनचे पुस्तक १९६३ मध्ये छापून आले, दोनशेहून अधिक खेळांचे. त्यात तिने बॉइडचे ऋण मानले आहे. त्याच वर्षी बॉइड वारली. त्याच दशकात हल हाउसच्या भोवतालची वस्ती विद्यापीठाच्या नव्या संकुलासाठी पाडली गेली आणि मूळ इमारतींपैकी दोनच उरल्या. आता त्या संग्रहालय आहेत.

आता दुसरी वाट. कॉमिक्सचे चाहते ही जमात संघटित झाली ती १९६० च्या दशकात. १९६१ मध्ये जेरी बेल्स या प्राध्यापकाने, रॉय थॉमस या तरुण शिक्षकाच्या मदतीने, 'अल्टर ईगो' नावाचे हाताने काढलेले नियतकालिक सुरू केले. ते चक्रमुद्रित अंक म्हणजे आपल्याकडच्या लघुअनियतकालिकांचीच भावंडे. फरक एवढाच की तिथे बंड साहित्यातल्या प्रस्थापितांविरुद्ध नव्हते. ज्या गोष्टीला सगळे पोरखेळ म्हणत, तिला गंभीरपणे घेण्याचा हट्ट होता. त्या अंकांत चित्रे काढणाऱ्यांत इंडियानातल्या फोर्ट वेनचा रिचर्ड 'ग्रास' ग्रीन होता, कृष्णवर्णीय. चाहत्यांच्या त्या जगात अशी माणसे बोटांवर मोजण्याइतकी होती. हे नाव आमच्या तरुणाला माहीत होते, आम्हाला नव्हते.

शिकागोत चाहत्यांचे मोठे वार्षिक संमेलन १९७६ मध्ये सुरू झाले. त्याच्या उभारणीत माइक गोल्ड होते. आणि याच काळात शिकागोत नाटक आणि कॉमिक्स एकमेकांच्या घरात शिरू लागले. ऑरगॅनिक थिएटर या नाट्यसंस्थेने १९७१ मध्ये 'वॉर्प' नावाचे नाटक केले होते. सरळसरळ मार्व्हलच्या कॉमिक्सवर पोसलेली कल्पना, रंगमंचावर उडणारे वीर आणि अवकाशातल्या लढाया. शिकागोत ते चालले, १९७३ मध्ये ब्रॉडवेवर गेले आणि लगेच पडले. दहा वर्षांनी माइक गोल्ड आणि रिक ओबादिया यांनी फर्स्ट कॉमिक्स ही प्रकाशनसंस्था काढली, तेव्हा १९८३ मध्ये तिने सर्वात आधी कोणते कॉमिक छापले? 'वॉर्प'. कॉमिक्समधून नाटक, नाटकातून पुन्हा कॉमिक.

त्या अंकांत पहिल्यांदा कॉमिक्स लिहिणारा एक नट होता. जॉन ऑस्ट्रँडर, जन्म शिकागोचा, १९४९. नाटके लिहायची, नाटकात कामे करायची, हा त्याचा उद्योग. लहानपणापासून कॉमिक्सचा वेडा, पण लेखनाची संधी मिळाली तेव्हा वय तिशी ओलांडलेले. टिमथी ट्रुमन या चित्रकारासोबत त्याने 'ग्रिमजॅक' निर्माण केले. एका भाडोत्री लढवय्याची कथा, आणि त्या लढवय्याच्या मालकीचा एक बार, मंडन्स बार. अंकाच्या शेवटी या बारमधल्या छोट्या छोट्या गोष्टी असत. बारचे दार उघडायचे आणि कुठल्याही जगातला कुणीही आत यायचा. इम्प्रोव्ह पाहिलेल्या माणसाला हे ओळखायला वेळ लागत नाही. रिकामा रंगमंच आहे, आत येणाऱ्याला नाही म्हणायचे नाही. यातल्या काही गोष्टी ऑस्ट्रँडरसोबत लिहिणारा माणूस होता डेल क्लोज.

डेल क्लोज हे नाव इम्प्रोव्हवाल्यांच्या तोंडी आपल्याकडच्या एखाद्या घराण्याच्या बुवांसारखे घेतले जाते. १९३४ चा जन्म, कॅन्सस राज्यातला. कंपासच्या सेंट लुइस शाखेत नट, मग सेकंड सिटीत. १९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत द कमिटी या गटासोबत त्याने 'हॅरल्ड' नावाचा प्रकार घडवला: प्रेक्षकाच्या एका शब्दावरून अर्धा तास चालणारे, एकमेकांत गुंतत जाणारे प्रसंग. नंतर शिकागोत परतून सेकंड सिटीत दिग्दर्शन, आणि १९८० च्या दशकात शार्ना हॅल्पर्नसोबत इम्प्रोव्हऑलिंपिक या संस्थेत शिकवणी. जॉन बेलुशी, बिल मरे हे त्याच्या हाताखालून गेलेले. तो आयुष्यभर व्यसनांशी झगडला आणि पैशाच्या बाबतीत कायम कफल्लक. त्या दशकात तो संध्याकाळी शिकवत होता, १९८६ च्या 'फेरिस ब्युलर्स डे ऑफ' आणि १९८७ च्या 'द अनटचेबल्स' या चित्रपटांत छोट्या भूमिका करत होता, आणि त्याच १९८७ पासून ऑस्ट्रँडरसोबत डीसी कॉमिक्ससाठी 'वेस्टलँड' लिहीत होता. १९८९ पर्यंत १८ अंक. भयकथा, पण भुताखेतांच्या कमी आणि माणसाच्या डोक्यातल्या जास्त. बहुतेक अंकांत तीन गोष्टी, चित्रकार वेगवेगळे. अधूनमधून क्लोजच्याच आयुष्यातला प्रसंग, खरा किती आणि रचलेला किती हे वाचणाऱ्याने ठरवायचे.

आमच्या ज्येष्ठांच्या पहिल्या वाक्याचे उत्तर आम्हाला इथे सापडले. हे लोक दोन डगरींवर हात ठेवून नव्हते. इम्प्रोव्हचा स्वभावच असा की प्रयोग संपला की सगळे हवेत विरते. क्लोजने हजारो रात्री जे शिकवले आणि घडवले, त्यातले फारच थोडे उरले. जे त्याच्या स्वतःच्या शब्दांत कागदावर उरले, त्यातला मोठा वाटा या कॉमिक्सचा. एका हाताने हवेत लिहायचे आणि दुसऱ्या हाताने कागदावर. दुसरीकडे, महिन्याला अंक द्यायचा म्हणजे कथा अडली की नटाची सवय कामी येते: समोरच्याने जे दिले ते नाकारायचे नाही, त्यात भर घालायची. चित्रकाराने अनपेक्षित काही काढले तर त्यावरून पुढे जायचे. आणखी एक उदाहरण किम 'हॉवर्ड' जॉन्सन यांचे. इम्प्रोव्हचे विद्यार्थी, क्लोज आणि हॅल्पर्नसोबत १९९४ च्या 'ट्रुथ इन कॉमेडी' या पुस्तकाचे सहलेखक, आणि दहा वर्षांनी जॉन क्लीजसोबत सुपरमॅनचे एक कॉमिकही लिहिणारे. क्लोजचे चरित्र त्यांनीच लिहिले, २००८ मध्ये.

पण आता दुसरे वाक्य. डगरी कुणाच्या?

ऑस्ट्रँडरनेच निर्माण केलेले एक पात्र आज जगभर ठाऊक आहे: अमांडा वॉलर. १९८६ मध्ये 'लेजंड्स' या मालिकेत ती पहिल्यांदा आली, लेन वाइन आणि जॉन बर्न यांच्यासोबत घडवलेली. कृष्णवर्णीय, मध्यमवयीन, स्थूल, कुठलीही अद्भुत शक्ती नसलेली बाई, जिच्यापुढे सुपरहिरो खाली मान घालतात. कॉमिक्समध्ये तेव्हा अशी बाई दुर्मिळ होती. आणि तिला त्याने कुठली दाखवली? शिकागोच्या कॅब्रिनी-ग्रीन या सरकारी गृहवस्तीतली. नवरा आणि दोन मुले गमावून, उरलेल्या मुलांना घेऊन तिथून बाहेर पडलेली विधवा. ही वस्ती खरी होती. हजारो कृष्णवर्णीय कुटुंबे तिथल्या उंच इमारतींत राहत, आणि ती सेकंड सिटीपासून पायी जाण्याच्या अंतरावर होती. म्हणजे इम्प्रोव्हच्या जगप्रसिद्ध रंगमंचाच्या शेजारीच ती वस्ती होती. तिथली बाई गोऱ्या लेखकाच्या कागदावर आली, हे चांगलेच झाले. पण तिथली पोरे त्या रंगमंचावर किती गेली?

सेकंड सिटीच्या मुख्य मंचावर पहिला कृष्णवर्णीय नट, बॉब करी, १९६० च्या दशकात आला. त्याच्यानंतरही अनेक वर्षे असे नट एकेकटेच दिसत राहिले. ज्या खेळांचा जन्म 'वाचता येत नाही अशांसाठी' झाला, त्यांच्या शिकवणीला आता शुल्क होते. शुल्क भरून वर्षे काढायची, फुकट प्रयोग करायचे, कुणीतरी पाहील म्हणून वाट बघायची. घरभाड्याची चिंता असलेल्याला हे परवडत नाही. बोर्द्यू ज्याला सांस्कृतिक भांडवल म्हणतो, ते इथे शब्दशः लागते: कुठल्या सिनेमावर, कुठल्या कादंबरीवर विनोद केला की हशा येतो हे आधीच ठाऊक असावे लागते. जात असो की वर्ण, 'तुला विनोद कळत नाही' हे वाक्य फार जुने कुलूप आहे. जून २०२० मध्ये कृष्णवर्णीय कलाकारांनी सेकंड सिटीतल्या वर्णभेदी वागणुकीबद्दल जाहीरपणे बोलायला सुरुवात केली आणि मालक अँड्र्यू अलेक्झांडर यांना पद सोडावे लागले. पुढच्या वर्षी ती संस्था एका गुंतवणूक कंपनीने विकत घेतली. आणि हल हाउसचे सामाजिक काम पुढे चालवणारी संस्था? ती पैशाअभावी जानेवारी २०१२ मध्येच बंद पडली होती.

कॉमिक्सकडेही असेच एक दार बंद दिसते. जॅकी ऑर्म्स. १९३७ मध्ये पिट्सबर्ग कुरिअर या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रात तिची 'टॉर्ची ब्राउन' ही चित्रमालिका सुरू झाली. पुढे ती शिकागोत राहू लागली आणि १९४५ ते १९५६ 'पॅटी-जो अँड जिंजर' काढत राहिली. एक चुरचुरीत जिभेची लहान मुलगी आणि तिची थोरली बहीण. बोलते फक्त छोटी. वर्णभेदी शाळा, शस्त्रांची हाव, सरकारी चौकशा, काहीच ती सोडत नाही. एफबीआयने ऑर्म्सवर फाइल ठेवली होती. तिने त्या पॅटी-जोची बाहुलीही बाजारात आणली, चांगल्या कपड्यांतली कृष्णवर्णीय मुलगी. त्या काळात काळ्या बाहुल्या म्हणजे बहुतांशी चेष्टेच्या वस्तू होत्या. ही बाई डिसेंबर १९८५ मध्ये शिकागोतच वारली. म्हणजे फर्स्ट कॉमिक्स जोरात होती, संमेलन दरवर्षी भरत होते, क्लोज आणि ऑस्ट्रँडर लिहीत होते, त्याच शहरात. तिचे चरित्र नॅन्सी गोल्डस्टीन यांनी लिहिले ते २००८ मध्ये. आयस्नर सन्मानदालनात तिला घेतले २०१८ मध्ये. क्लोजचे चरित्रही २००८ चेच. पण क्लोजच्या नावाने तेव्हा शाळा चालत होत्या, दंतकथा सांगितल्या जात होत्या.

दंतकथेवरून आठवले. क्लोज ४ मार्च १९९९ रोजी वारला. मृत्युपत्रात त्याने लिहिले होते की आपली कवटी गुडमन थिएटरला द्यावी, 'हॅम्लेट'मधल्या यॉरिकच्या भूमिकेसाठी. कवटी समारंभपूर्वक दिली गेली, वर्षानुवर्षे लोक ती पाहत राहिले. २००६ मध्ये शिकागो ट्रिब्यूनने शोध घेतला, आणि हॅल्पर्न यांनी नंतर कबूल केले, की ती कवटी क्लोजची नव्हतीच. वैद्यकीय साहित्याच्या दुकानातून आणली होती. आम्हाला या गोष्टीचे हसू आले आणि रागही आला. एका माणसाची खोटी कवटी जपली गेली. ज्या बाईने ते खेळ वस्तीत रुजवले, त्या बॉइडचे नाव इम्प्रोव्ह करणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल?

इथे कुणी म्हणेल, शिकागोचे काय सांगता, आपल्याकडे तमाशात बतावणी होतीच की. होती. सोंगाड्याला संहिता लागत नव्हती, गावात शिरल्यावर पाटलाचे नाव आणि विहिरीचे भांडण कळले की रात्रीचा मसाला तयार. सत्यशोधक जलशांनी तोच सांगाडा घेतला आणि आशय बदलला, पुढे आंबेडकरी जलशांनी तो आणखी धारदार केला. भीमराव कर्डकांचे नाव आपल्याला ठाऊक आहे. पण आम्ही जलशांवरचे जे काही वाचले, त्यात गाणी सापडतात, सवाल-जवाब सापडतात. आयत्या वेळी उच्चारलेला विनोद, ज्यावर लोक खदखदून हसत आणि दुसऱ्या दिवशी गावचा सावकार चिडे, तो बहुतेक हरवला. तो टिपायला कुणी कागद घेऊन बसले नव्हते, बसणार तरी कसे? हसवणारे आपले होते, कागद दुसऱ्यांकडे होता. म्हणून 'आमच्याकडे आधीपासून होते' एवढे म्हणून आम्हाला समाधान होत नाही. कागदावरचे आपले काम उशिरा सुरू झाले: 'भीमायन' २०११ चे, तेही गोंड चित्रकार दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांच्या हातचे. त्याआधी बाबासाहेब चित्रांत आले ते बहुतेक दुसऱ्यांच्या व्यंगचित्रांत, आणि कसे आले ते उन्नमती श्याम सुंदर यांनी २०१९ मध्ये जमवून दाखवले आहे. ते पुस्तक वाचताना हसू येत नाही.

हे सगळे आम्ही पुढच्या एका रविवारी वर्गात मांडले. ज्येष्ठ कार्यकर्ते ऐकत होते. म्हणाले, "म्हणजे मूळ समाजकार्याचं आहे म्हणता. मग हा पोरगा ते विकत घ्यायला शहरात कशाला जातो?" प्रश्न रास्त होता. तरुण म्हणाला, "इथं कुणी शिकवत नाही म्हणून." मग त्यांनीच विहाराच्या सभागृहाची किल्ली पुढे केली, शनिवारची दुपार मोकळी असते म्हणाले. एक अट घातली: जे होईल त्याची वही ठेवायची, चित्रांत ठेवलीस तरी चालेल.

पहिल्या शनिवारी वस्तीतली चौदा मुले आली. तरुणाने दोन गट केले आणि नसलेली दोरी मधे ठेवली. पहिल्यांदा सगळे नुसतेच हात हलवत होते, दोरी एकाकडे लांबत होती आणि दुसऱ्याकडे आखूडत नव्हती. तिसऱ्या वेळेला सहावीतली एक मुलगी एकदम ओरडली, "अरे, तुटली!" आणि दोन्ही गट पाठीवर पडले. मग दोरी कुणी तोडली यावरून भांडण झाले, ते अर्धा तास चालले. वहीच्या पहिल्या पानावर त्याने तेच भांडण काढले आहे, सहा चौकटींत.